रक्तदाबाचा राखणदार

श्रोतेहो, मावळातल्या शेतकऱ्याला पाण्याचा हिशेब शिकवायला नको. तळेगाव दाभाड्याहून वडगाव, कामशेतकडे निघालं की भातखाचरे लागतात. पाणी कमी पडले तर बांधाचे तोंड बुजवायचे, जास्त झाले तर मोकळे करायचे. रक्ताच्या दाबाचीही शरीरात अशीच राखण चालते. त्यातला एक राखणदार मूत्रपिंडात असतो. त्याचे नाव रेनिन.

रेनिन हे एक विकर, म्हणजे एन्झाइम. १८९८ साली स्टॉकहोम येथे टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, तो त्यांचा रक्तदाब चढला. अर्कातल्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटले. पण पुढे कित्येक वर्षे या शोधाकडे फारसे कुणी पाहिले नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रक्तवाहिनी चिमट्याने आवळली. दाब चढला, आणि चढलेलाच राहिला. तेव्हा कुठे संशोधकांचे लक्ष मूत्रपिंडाकडे परतले.

आता त्याचे काम पाहा. दाब उतरला की मूत्रपिंड रेनिन सोडते. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडते. मुख्यत्वे फुप्फुसातले दुसरे विकर तो तुकडा आणखी छाटते, आणि अँजिओटेन्सिन तयार होते. ते रक्तवाहिन्या आवळते, मीठ व पाणी शरीरात राखून ठेवते. दाब सावरतो. पण हाच कारभार गरजेपलीकडे चालला, तर दाब वाढतो.

यावर औषधे कशी सापडली? मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा पन्नास रुग्णांवरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. सर्पदंशावर आणि वेडावर आपल्याकडे वापरात असलेली ही मुळी त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक झाली. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. ते मज्जातंतूंमार्फत दाब उतरवी. पण काहींचे मन त्याने फार उदास होई, म्हणून आज त्याचा वापर थोडा.

पुढचा धागा मिळाला तो खऱ्याच सापाकडून, बरं का! ब्राझीलमधल्या, आपल्या घोणशीच्या कुळातल्या एका सापाच्या विषात त्या दुसऱ्या विकराला रोखणारे अंश आढळले. त्यांच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल घडले, आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच जातीच्या गोळ्या आज गावोगावी दिल्या जातात.

मंडळी, वाढलेला दाब बहुधा दुखत नाही. म्हणूनच “बरं वाटतंय” म्हणून माणूस गोळी सोडतो. आणि पुढे पक्षाघात होतो, किंवा राखण करणारे मूत्रपिंडच निकामी होते. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून घ्यावा, लोणचे-पापड आवरावेत, डॉक्टरांना विचारल्याखेरीज गोळी बंद करू नये. शेजाऱ्याची गोळीही घेऊ नये. या जातीच्या गोळ्या गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला अपाय करतात. शिक्षकांनी एवढे वर्गात सांगितले, तरी मुले ते घरी आजोबांपर्यंत पोचवतील.