ओवी कशावरून ओळखावी?

शालेय व्याकरणात ओवीची व्याख्या दोन ओळींत आटोपते. चरण चार, पहिल्या तिन्हींच्या शेवटी यमक, चौथा आखूड आणि यमकाविना. अभंगाच्या वाट्यालाही तेवढीच जागा येते. या व्याख्या खोट्या नाहीत, पण त्यांच्यामुळे मराठी पद्याचे हे प्रकार अक्षरांच्या मोजणीतून जन्मले असा समज रुजला आहे. जुने पुरावे याच्या उलट सांगतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या 1129 च्या संस्कृत ग्रंथात ओवीचा उल्लेख येतो तो गीतांच्या संदर्भात. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, असे तो सांगतो. पुढे शंभरेक वर्षांनी देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त ओवीची दखल घेतली, तीही गाण्याच्या प्रबंधांमध्येच. 'ज्ञानेश्वरी' 1290 ची. म्हणजे मराठीतला हा थोर ग्रंथ रचला जाण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओवी उखळापाशी, मुसळाच्या घावांवर नांदत होती. तिची लांबी ठरवली ती हाताच्या लयीने आणि श्वासाने. माझे म्हणणे एवढेच, की ओवी आणि अभंग समजून घ्यायचे तर आधी ते कोण, कुठे आणि कसे म्हणत होते हे पाहावे. अक्षरे त्यानंतर मोजावीत.

यावर पहिला आक्षेप 'ज्ञानेश्वरी'चाच येईल. सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा तत्त्वचिंतनाचा ग्रंथ काही कांडता-दळताना म्हणण्यासाठी रचलेला नाही. तेव्हा ग्रंथातली ओवी वेगळी आणि घरातली वेगळी, असे का म्हणू नये? तसे म्हणताही येते. अभ्यासक 'ग्रंथी ओवी' असा वेगळा प्रकार मानतात, तो याच कारणाने. पण मग ग्रंथकाराने हाच बंध का निवडला, हा प्रश्न उरतो. संस्कृतातली अक्षरगणवृत्ते त्या काळच्या पंडितांना परकी नव्हती. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानेश्वर आपल्या रचनेविषयी जे सांगतात त्याचा आशय असा: या ओव्या गायल्या तर शोभतातच, पण गीतावाचूनही त्यांचा रंग उणावत नाही, आणि लहान मुलालाही कळावे अशा या प्रबंधात ब्रह्मरसाची अक्षरे गुंफली आहेत. ग्रंथकार येथे आधी गाण्याला प्रमाण मानतो आणि मग वाचनाची सोय सांगतो. शिवाय 'ज्ञानेश्वरी'तल्या चरणांची अक्षरसंख्या ठरावीक नाही. एक चरण आटोपशीर, तर पुढचा विचाराच्या ओघात लांबलेला. केवळ मोजणीच्या नियमाने बांधलेल्या पद्याला एवढी मोकळीक परवडली नसती. एकनाथांच्या हाती तर ओवी साडेचार चरणांची झाली, तरी तिला ओवीच म्हणत राहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नामदेवांच्या नावावरच्या एका अभंगात अभंगाचे मोजमाप आकड्यांनिशी दिले आहे. साडेतीन चरण, पहिल्या तिन्हींची मिळून अक्षरे अठरा आणि एकूण बावीस. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही घडण आजही हीच आहे. मग मोजणी मागाहून आली असे कसे म्हणावे? पण ही मोजणी नेमकी कशाची, ते पाहायला हवे. अक्षर लघु की गुरू याची ती विचारपूस करत नाही. भुजंगप्रयातात किंवा मालिनीत ज्याच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही, तोच भेद येथे गौण ठरतो, कारण म्हणताना प्रत्येक अक्षर सारखेच लांबवता येते. टाळ-मृदंगाच्या साथीने शेकडो वारकऱ्यांना, त्यांत अक्षरओळख नसलेल्यांनाही, एकत्र म्हणता यावे अशी ही रचना आहे. आखूड चौथ्या चरणानंतर श्वास घ्यायला उसंत मिळते आणि ध्रुपद झेलायला बाकीचे तयार होतात. आकडे खरे आहेत. ते कीर्तनातल्या ठेक्याचे आहेत.

मग हे विसरले कसे गेले? परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या 'नवनीता'ने 1854 पासून जुनी कविता वेच्यांच्या रूपाने शाळेत आणली आणि त्यांच्याच 'वृत्तदर्पणा'ने गण-मात्रांचे शास्त्र मुलांच्या हाती दिले. हे उपकार मोठे आहेत. ती पुस्तके नसती तर कितीतरी कविता विस्मरणात गेली असती. मात्र कविता कीर्तनातून छापील पानावर आली, की डोळ्याला दिसते तेवढेच तिचे रूप मानले जाते. या शास्त्राला पुन्हा कानाकडे वळवले माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी. त्यांच्या 'छंदोरचने'ने (1927, वाढवलेली आवृत्ती 1937) अक्षरछंद, वृत्त आणि जाती वेगळ्या केल्या आणि पद्याचा विचार आवर्तनांवर उभा केला: भृंगावर्तन सहा मात्रांचे, पद्मावर्तन आठ मात्रांचे. आवर्तन म्हणजे तालाचा फेरा. पांडित्याच्या वाटेने निघालेला हा संशोधकही शेवटी ठेक्यापाशीच पोहोचला, याला मी माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम आधार मानते.

पिठाच्या गिरण्या आल्यावर जात्यावरचे गाणे ओसरले. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी पुण्यातून चालवलेल्या संकलनात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांतल्या काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. कागदावर उतरवलेल्या ओव्यांच्या ओळी पुष्कळदा विषम दिसतात. गाताना मात्र एखादे 'बाई', एखादे 'गं' किंवा चरणाची पुनरावृत्ती मध्ये येते आणि जात्याचा फेरा बरोबर भरतो.