सांगड, कनू आणि कयाक

ऑलिंपिकच्या नौका शर्यतींत 'सी-1' आणि 'के-1' अशी नावं दिसतात. सी म्हणजे कनू, के म्हणजे कयाक. कनूतला खेळाडू एक गुडघा टेकून एकाच पात्याचं वल्हं मारतो. कयाकमधला पाय पुढे पसरून बसतो आणि त्याच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकपासून दोन्ही प्रकार खेळले जातात. पण या नावा शर्यतीसाठी जन्मल्या नाहीत, पोटासाठी जन्मल्या. मग मासे धरायला यांतली बरी कोणती? मी नगर जिल्ह्यातला. आमच्या पाण्यावर हा प्रश्न विचारला की तो नावेचा राहत नाही, माणसांचा होतो.

आधी कनू. 'कनोआ' हा शब्द युरोपीय लोकांनी कोलंबसाच्या 1492 च्या सफरीत कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून उचलला. नाव मात्र त्याहून फार जुनी. नेदरलँड्समध्ये 1955 साली महामार्गाचं काम चालू असताना पेसे गावाजवळ एका खोडातून कोरलेली होडी सापडली. तिचं वय सुमारे दहा हजार वर्षं निघालं. कोकणातल्या खाड्यांतही एका खोडाची होडी पिढ्यान्‌पिढ्या चालली. वरून उघडी, बाजू उंच, आत जाळं आणि मासळी ठेवायला जागा. एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने जाळं सोडायचं किंवा ओढायचं. जाळ्याचं काम मुळातच दोघांचं, आणि ही नाव दोघांना सामावून घेते.

कयाक उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. तिथे झाडं नाहीत. वाहून आलेलं लाकूड किंवा हाडं जोडून सांगाडा करायचा, त्यावर सीलचं कातडं शिवायचं. बसायला एक भोक, बाकी सगळं बंद. नाव पाण्यालगत असल्यामुळे वारा तिला कमी ढकलतो आणि सावजाला ती लवकर दिसत नाही. पण तीत बसून भरलेलं जाळं ओढणं कठीण. ती भाला फेकणाऱ्या एकट्या शिकाऱ्याची नाव.

आता नगरकडे येऊ. गोदावरी, प्रवरा, मुळा, सीना, भीमा या आमच्या नद्या पावसाळ्यात दोन्ही थडी भरून वाहायच्या आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरायच्या. अशा नदीत मोठी नाव वर्षभर कोण पोसणार? भोई समाज डोहात उतरून फेकजाळं टाकायचा. पूर आला की लोकांना पैलतीरी न्यायचा, आणि एरवी पालख्या वाहायचा. पालखी एकट्याने उचलत नाही, हे लक्षात ठेवा.

पाणी ओलांडायला आपल्याकडे आणखी एक साधन होतं: सांगड. आज आपण कामाची आणि अभ्यासाची 'सांगड घालतो', पण जुन्या मराठीत सांगड म्हणजे दोन होड्या, ओंडके किंवा वाळलेले भोपळे एकमेकांना बांधून केलेला तराफा. एकटा भोपळा कलंडतो, बांधलेले तरतात. प्रवरेच्या काठी नेवाशाला 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सातव्या अध्यायात माया ही दुस्तर नदी आहे आणि ती तरून जाण्याचा खटाटोप आहे. पूर पाहिलेल्या श्रोत्यांना ते रूपक वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार.

मग धरणं आली. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, पुढे मुळेवर 26 टीएमसीचं धरण झालं. सगळ्यात मोठा बदल घडवला जायकवाडीने. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. भिंत पैठणला, पण पाणी शेवगाव आणि नेवासा तालुक्यांत पसरलं, पार प्रवरासंगमापर्यंत. सुमारे 350 चौरस किलोमीटरचा उथळ, रुंद जलाशय. शंभराहून जास्त गावांना त्याची झळ बसली. डोह ओळखणाऱ्या माणसापुढे अचानक समुद्र उभा राहिला. वारा सुटला की त्यावर लाटा उठतात. मासळीही बदलली: कटला, राहू, मृगळ, चिलापी. आणि डोहात उतरायला जिथे कुणाला विचारावं लागत नव्हतं, तिथे आता ठेका आणि परवाना आला.

या पाण्याला होडी हवी, दोन माणसांची, उंच बाजूंची. पण होडीला पैसा लागतो, आणि एका होडीची मासळी दोन घरांत वाटावी लागते. म्हणून नगरच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या जलाशयांवर गरिबाने स्वतःची नाव शोधली. ती थर्माकोलची, नाहीतर ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबची. थर्माकोलचे तुकडे बांधायचे, वर बसायचं, हाताने किंवा फळीच्या तुकड्याने पाणी मागे सारायचं. पाण्यालगत बसलेला एकटा माणूस: आकाराने ही कयाकच. 2022 साली याच जायकवाडीच्या फुगवट्यावर, गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं थर्माकोलवरून शाळेत जात असल्याच्या बातम्या आल्या, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मुलांची दखल घेतली गेली हे चांगलंच झालं. रोज पहाटे त्याच थर्माकोलवर जाळं टाकायला जाणारा माणूस बातमीत येतो तो बहुधा बुडाल्यावर.

इथे मला कयाकची दुसरी बाजू आठवते. ग्रीनलंडच्या जुन्या रीतीत कयाकचं माप शिकाऱ्याच्या अंगावरूनच घेत. लांबी त्याच्या तीन वावा, रुंदी कमरेएवढी आणि वर दोन मुठी. कातडं बायका शिवत, आणि शिवण अशी की पाण्याचा थेंब आत येऊ नये. म्हणजे एकट्याची दिसणारी ती नाव एकट्याची नव्हतीच. माणूस परत यावा म्हणून अख्खं घर त्या टाक्यांमध्ये राबलेलं असायचं. थर्माकोलच्या तुकड्याचं माप कुणी घेतलेलं नसतं. टीव्हीच्या खोक्यातून जे निघालं, ते माप.

म्हणून कनू बरी की कयाक, याचं माझं उत्तर असं: रुंद जलाशयावर जाळ्याने मासे धरायचे असतील तर दोघांची होडी बरी, कारण एक पडला तर हात द्यायला दुसरा असतो. गळ टाकून एकट्याने मासे धरायचे असतील तर कयाकही चालेल, पण अंगात लाइफ जॅकेट हवं. थर्माकोल मात्र या दोन्हींत बसत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांना नदीपार नेलं, त्यांना मोठं पाणी देताना नाव द्यायची राहून गेली, एवढंच ते सांगतं. सांगड हा शब्द आपण भाषेत जपला. पाण्यावर ती घालायची बाकी आहे.