वायोंत: डोंगर सरकत होता, गावाला कळवलं नव्हतं

उत्तर इटलीतलं वायोंतचं धरण आजही उभं आहे. 261 मीटर उंचीच्या त्या काँक्रीटच्या भिंतीचं 9 ऑक्टोबर 1963 च्या रात्री फारसं काही बिघडलं नाही. खालच्या पिआवे खोऱ्यातलं लोंगारोने गाव मात्र काही मिनिटांत वाहून गेलं. मोंते तोक डोंगराची सुमारे 26 कोटी घनमीटर दरड जलाशयात कोसळली, पाणी भिंतीवरून उसळलं आणि जवळपास दोन हजार माणसं मेली. टीव्हीवर युरोपियन कपचा फुटबॉल सामना पाहायला आसपासच्या वाड्यांतले लोकही त्या रात्री लोंगारोनेत उतरले होते. याला निसर्गाचा कोप म्हणणं मला मान्य नाही. तो डोंगर तीन वर्षं सरकत होता आणि किती सरकला याच्या नोंदी ठेवल्या जात होत्या.

4 नोव्हेंबर 1960 ला सुमारे सात लाख घनमीटरची पहिली दरड पाण्यात आली आणि उतारावर दोन किलोमीटर लांबीची भेग उघडी पडली. हा सगळा उतार म्हणजे एक प्राचीन, अवाढव्य दरड आहे, हे धरणाचे अभियंते कार्लो सेमेंझा यांच्या भूवैज्ञानिक मुलानं, एदोआर्दोनं, त्याआधीच ओळखलं होतं. जलाशयाकाठच्या एर्तो गावच्या शेतकऱ्यांनाही डोंगराची धास्ती होती. त्यांची बाजू छापणाऱ्या पत्रकार तीना मेर्लिन यांच्यावर खोट्या बातम्यांनी शांतता बिघडवल्याचा खटला भरला गेला; 1960 मध्ये त्या निर्दोष सुटल्या.

दरड एवढ्या वेगानं येईल हे तेव्हाच्या विज्ञानाला कळणं शक्य नव्हतं, असं सांगितलं जातं. यात तथ्य आहे. जलाशयाच्या प्रतिकृतीवरच्या प्रयोगांतून पाण्याची समुद्रसपाटीपासून 700 मीटरची पातळी सुरक्षित ठरवली गेली होती आणि त्या रात्री पाणी साधारण तिथेच होतं. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला उतार दिवसाला वीस सेंटीमीटरपर्यंत सरकू लागला, तेव्हा तोकवरची घरं रिकामी करण्याचा हुकूम निघाला. म्हणजे दरड येणार हे धरण चालवणाऱ्यांनी मानलं होतं. मग खालच्या गावाला रात्रीपुरतं उंचावर नेण्यासाठी लाटेची नेमकी उंची कळायची गरज नव्हती. हा धोका आधी ओळखता येण्याजोगा होता, असंच इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं 1971 मध्ये धरलं.