घाटाआधीचा पंखा : खानदेशच्या रस्त्यांवरील यंत्र आणि चालकाचा हात

उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग यांच्यामधून तापी पश्चिमेकडे वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या काळ्या जमिनीच्या सखल पट्ट्याला खानदेश म्हणतात. जळगाव-भुसावळ भागात उन्हाळ्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला, तरी त्याचे कोणाला नवल वाटत नाही. शिवाय या खोऱ्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मोठ्या रस्त्यांना कोणता ना कोणता घाट ओलांडावा लागतो. इंदूरकडे जाताना बिजासन, मराठवाड्याकडे जाताना चाळीसगाव-कन्नडमधला औट्रम घाट, नाशिकच्या वाटेवर धुळ्याच्या वेशीलाच लागणारा लळिंग आणि सुरतेकडून वर येताना कोंडाईबारी असे हे चढ आहेत. रणरणते ऊन आणि लांब चढ यांची येथे अशी गाठ पडत असल्यामुळे इंजिन व गेअरबॉक्स थंड कसे ठेवावे, हा येथील मालवाहतुकीचा जुनाच प्रश्न आहे. आणि शीतनाचा पंखा केव्हा फिरावा हे चालकाने ठरवावे की यंत्राने, या एका मुद्द्याभोवती त्याचा इतिहास फिरत आला आहे.

खानदेशातील रस्त्यांना आजचे महत्त्व कसे आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1818 मध्ये हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी कारभाराचे ठाणे धुळ्याला केले. 1825 मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम यांचे नाव पुढे कन्नडच्या घाटाला मिळाले. मुंबई-आग्रा रस्ता धुळे-शिरपूरवरून जात असे. परंतु 1860 च्या दशकात लोहमार्ग आला तो चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा, आणि धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळायला 1900 साल उजाडावे लागले. मुख्य लोहमार्गापासून बाजूला पडलेले धुळे त्यामुळे रस्त्याचेच गाव राहिले आणि मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे जुने क्रमांक 3 आणि 6, याच गावापाशी एकमेकांना छेदू लागले. रावेर-यावलची केळी, जिनिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठी आणि तेलबिया या मार्गांनी बाहेर जाऊ लागल्या. यांपैकी केळी हा नाशवंत माल आहे. तापलेली गाडी घाटात चार तास उभी राहिली, तर नुकसान केवळ वेळेचे होत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यावरची मालवाहतूक वाढत गेली आणि 1954 मध्ये टाटांनी डायमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला घेतल्यावर तिला देशी वाहन मिळाले. या पिढीच्या ट्रकमधील शीतनाची रचना सरळ होती. इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी रेडिएटरमध्ये, म्हणजे बारीक नळ्या आणि पातळ पत्र्यांच्या जाळीत येई आणि जाळीमागचा पंखा तिच्यातून हवा ओढून घेई. हा पंखा रबरी पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला असल्यामुळे इंजिन चालू असेपर्यंत तो फिरतच राही; त्याला बटण नव्हते, की तापमान ओळखणारा कोणताही अवयव नव्हता.

तरीसुद्धा चालकाच्या हाती काहीच नव्हते, असे म्हणता येत नाही. पंख्याची गती इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेली होती आणि इंजिनाच्या फेऱ्या गेअरवर अवलंबून होत्या. वरच्या गेअरमध्ये गाडी रेटत नेली, तर इंजिन दबून हळू फिरे, त्याच्यावरचा भार वाढे आणि नेमक्या त्याच वेळी पंखा व पाण्याचा पंप दोन्ही मंदावत. उलट, चढ लागण्यापूर्वीच खालचा गेअर टाकला, तर गाडीचा वेग कमी होई, परंतु इंजिन मोकळे फिरे आणि जाळीतून जास्त हवा खेचली जाई. ‘गाडी ओढायच्या आत गेअर पाड’ या चालकांच्या शिकवणुकीत चढण्याच्या ताकदीबरोबर शीतनाचाही विचार आपोआप येत होता. गेअरची दांडी हेच त्या काळी पंख्याचे हस्तनियंत्रण होते. त्याच्या जोडीला पाण्याचा डबा, बॉनेट किलकिले ठेवणे, रात्रीच्या गारव्यात घाट काढणे असे उपाय होते. रात्री वाट चालण्याची रीत बैलगाड्यांच्या काळापासूनचीच होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस टर्बोचार्जर आणि इंटरकूलर असलेली इंजिने रूढ झाली आणि हे चित्र बदलले. टर्बोचार्जर इंजिनात हवा दाबून भरतो, दाबलेली हवा तापते आणि ती गार करणारा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम झालेली असते. दुसरीकडे डिझेलची बचत महत्त्वाची ठरू लागली होती. पंख्याची गती दुप्पट केली, तर त्याला लागणारी शक्ती सुमारे आठपट होते, त्यामुळे गरज नसताना पंखा फिरवणे परवडणारे नव्हते. यावर व्हिस्कस क्लच हा उपाय निघाला. यात पंखा आणि त्याला फिरवणारी चकती यांच्यामध्ये दाट सिलिकॉन द्रव असतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की दोन धातूंची एक पट्टी वाकते, द्रवाची वाट उघडते आणि पंखा इंजिनाबरोबर जोमाने फिरू लागतो. हवा गार असेल, तेव्हा पंखा जेमतेम रेंगाळतो. निर्णय अशा रीतीने चालकाकडून धातूच्या पट्टीकडे गेला. आणि हा क्लच निकामी झाला की बोल्ट घालून पंखा कायमचा जाम करण्याची, गॅरेजच्या भाषेत ‘डायरेक्ट करण्याची’, युक्ती त्याच्या मागोमाग आली.

‘डायरेक्ट’ केलेला पंखा डिझेल खातो आणि गरज नसतानाही गोंगाट करतो, म्हणून ती युक्ती निव्वळ अडाणीपणाची ठरवणे सोपे आहे. परंतु स्वयंचलित यंत्रणेत एक खरी उणीव आहे आणि कोंडाईबारीचा चढ ती दाखवून देतो. नवापूरकडून साक्रीकडे जाणारा हा रस्ता पूर्वेकडे चढतो, आणि पावसाळ्याच्या तोंडी येथे पश्चिमेचे वारे जोरात असतात. याच साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचा मोठा प्रकल्प उभा आहे, यावरून त्या वाऱ्याचा अंदाज यावा. ताशी 20 किलोमीटर वेगाने चढणाऱ्या ट्रकच्या पाठीमागून तितक्याच वेगाचा वारा येत असेल, तर गाडीच्या तोंडावर येणारी हवा जवळजवळ शून्य होते आणि सारी भिस्त पंख्यावर राहते. धातूची पट्टी मात्र हवा तापल्यानंतरच वाकते. चालकाला चढ, लादलेला माल आणि पाठीवरचा वारा ही तिन्ही घाटाच्या पायथ्यालाच ठाऊक असतात, तर यंत्रणेला त्यांचा पत्ता परिणाम दिसल्यावर लागतो.

ही उणीव टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गेअरबॉक्समध्ये अधिक जाणवते. खानदेशातील बहुसंख्य ट्रकांना हाताने बदलण्याचे गेअर असून त्यांत इंजिन आणि गेअरबॉक्स क्लचप्लेटने घट्ट जोडलेले असतात, त्यामुळे तेथील तेल तुलनेने कमी तापते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मात्र पात्यांची दोन चाके तेलात समोरासमोर असतात. इंजिनाकडचे चाक तेल फेकते आणि त्या झोताने गेअरबॉक्सकडचे चाक फिरते. दोन चाकांच्या गतीतील तफावत उष्णता बनून तेलात उतरते, आणि ही तफावत जड ओझे हळूहळू ओढतानाच सर्वांत मोठी असते. रस्त्यांच्या व धरणांच्या कामांवरील लोडर, स्वयंचलित गेअरच्या पिकअप आणि विशेष कामांच्या जड गाड्या यांना म्हणूनच गेअर ऑइलसाठी वेगळा कूलर दिला जातो आणि पुष्कळदा त्या कूलरला स्वतःचा विजेचा पंखा असतो. तेल 120 अंशांपलीकडे वारंवार गेले, तर ते लवकर काळवंडते आणि आतल्या घर्षणपट्ट्या जळू लागतात.

या जादा पंख्याला हाताचे बटण जोडण्याचे काम ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हातचे आहे, पण ते विचारपूर्वक करावे लागते. जड ट्रकचा वीजपुरवठा सहसा 24 व्होल्टचा असतो आणि पंख्याचा प्रवाह डॅशबोर्डवरच्या लहान बटणाला पेलत नाही, म्हणून मध्ये रिले घालतात. रिले म्हणजे थोड्या प्रवाहावर चालणाऱ्या चुंबकाने मोठा प्रवाह जोडणारे साधन. तेलाच्या नळीवरचा थर्मोस्विच ठरावीक तापमानाला रिलेच्या गुंडाळीला अर्थिंग देतो. चालकाचे बटण या थर्मोस्विचला समांतर जोडले, तर दोघांपैकी कोणीही पंखा सुरू करू शकतो आणि चालक बटण विसरला, तरी तापमान वाढल्यावर पंखा फिरतोच. बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर योग्य क्षमतेचा फ्यूज आणि बटणाजवळ एक दिवा असला की जोडणी पुरी होते. तेच बटण थर्मोस्विचच्या मालिकेत घातले, तर चालकाला पंखा बंद ठेवण्याचा अधिकार मिळतो. नाल्याच्या फरशीवरून पाणी वाहत असताना तो उपयोगी पडतो, कारण फिरती पाती पाण्याच्या दाबाने पुढे वाकून समोरची जाळी फाडू शकतात. परंतु पाणी ओलांडल्यावर बटण परत लावायचे राहिले, तर त्याची किंमत गेअरबॉक्स मोजतो.

एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांनंतरच्या ट्रकांत पंख्याचा निर्णय बहुतांशी इंजिनाच्या संगणकाकडे गेला आहे. तो इंजिनावरचा भार, पाण्याचे तापमान आणि आत जाणाऱ्या हवेची उष्णता एकत्र पाहतो, त्यामुळे धातूच्या पट्टीपेक्षा पुष्कळ लवकर जागा होतो. त्याच्या वायरिंगमध्ये परस्पर तार जोडली, तर बिघाडाची नोंद होते आणि वॉरंटीही धोक्यात येते. 2025 पासून नव्या जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाल्याने रेडिएटरपुढे आणखी एका जाळीची भर पडली आहे आणि पंख्यावरचा भार वाढतच आहे. गेअरच्या दांडीपासून संगणकापर्यंतच्या या वाटचालीत एक गोष्ट मात्र कायम राहिली : दिवसभर न कंटाळता पहारा करणे यंत्राला चांगले जमते आणि समोर काय वाढून ठेवले आहे, हे चालकाला आधी कळते. म्हणून यंत्राच्या निर्णयात भर घालणारे, पण तो रद्द न करणारे समांतर बटण हीच या दोन जाणत्यांमधली रास्त वाटणी ठरते, आणि खानदेशच्या घाटांत तिचे प्रयोजन अद्याप संपलेले नाही.