बेंद्रे मास्तर आणि बडोदा

चित्रकार ना. श्री. बेंद्रे म्हटलं की आपल्याला त्यांची ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेली चित्रं आठवतात. आज आपण बोलणार आहोत ते त्यांच्या मास्तरकीबद्दल.

बेंद्रे इंदूरचे, देवळालीकरांच्या हाताखाली घडलेले. १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा निघाली आणि चित्रकला विभाग त्यांच्याकडे आला. चित्रकलेला विद्यापीठाची पदवी, ही तेव्हा नवलाची गोष्ट. स्वतः बेंद्र्यांकडे होती ती मुंबईची सरकारी पदविका. १९५९ मध्ये ते अधिष्ठाताही झाले.

आता बघा, विभागप्रमुखच जोमात रंगवत असेल तर मुलं त्याचीच नक्कल करणार. तत्त्वज्ञानाच्या विभागांतही सगळे हळूहळू प्रमुखाचीच भाषा बोलू लागतात, हे आम्ही पाहिलंय! पण ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख यांची चित्रं शेजारीशेजारी लावा; तिघांचा मास्तर एकच, हे ओळखू येणार नाही. आम्हाला याचं एक कारण दिसतं. त्या वर्षांत बेंद्रे स्वतःच घनवाद, अमूर्त अशा एकेक वाटा चाचपत होते. मास्तरचंच अजून ठरलेलं नाही, तर नक्कल करायची कशाची?

१९६६ साली त्यांनी राजीनामा दिला आणि ते मुंबईला आले. ठिपक्यांची ती गाजलेली चित्रं त्यानंतरची.