शुश्रूषा करणारांची शुश्रूषा

आजाराचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांतून लिहिला जातो, इस्पितळास देणगी देणाराचें नांव दगडावर कोरलें जातें. पण आजाऱ्याच्या उशाशीं वर्षानुवर्षें बसलेल्या घरच्या माणसाचा इतिहास आमच्या पाहण्यांत नाहीं. या माणसास पगार नसतो, रजा नसते आणि त्याच्या कामास नांवही नसतें. ‘घरचेंच तर आहे’ एवढ्या शब्दांत सर्व आटोपतें. हें माणूस बहुधा बाई असतें. त्याच्या मदतीस महाराष्ट्रांत कोण व कसें धांवून आलें, याचा थोडा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे. आणि त्याचा आरंभ नाशिकपासून करणें सोयीचें आहे.

नाशिकच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत, इंदिरानगर नांवाची मध्यमवर्गाची मोठी वस्ती आहे. सातपूर-अंबडचे कारखाने उभे राहिल्यावर शहर ज्या दिशांनीं पसरत गेलें, त्यांपैकींच ही एक. दोन-तीन खोल्यांचें घर, नवराबायको दोघेंही नोकरीस, भाऊ परदेशीं, आणि आंतल्या खोलींत अर्धांगवायूनें किंवा स्मृतिभ्रंशानें पडलेली आई, हें चित्र अशा वस्तींत नवलाचें नाहीं. अशा वेळीं जुन्या नाशकांतील वाड्यांची आठवण काढून उसासा टाकण्याची रीति आहे. वाड्यांत हात पुष्कळ होते, असें म्हणतात. आम्हांस हें पुरतें पटत नाहीं. हात पुष्कळ असले तरी रात्रीं उठून आजाऱ्यास कुशीवर वळविणारे हात बहुधा एकाच बाईचे असत. आणि ती बाई घरांतली विधवा आत्या किंवा सर्वांत धाकटी सून असे. दोन वेळचें जेवण व डोक्यावर छप्पर हा तिचा मोबदला. एकत्र कुटुंबानें शुश्रूषेचा भार वांटून घेतला, असें म्हणण्यापेक्षां ‘नाहीं’ म्हणूं न शकणाऱ्या माणसावर तो ठेवला, असें म्हणणें अधिक खरें होईल.

या विधवेस त्या कोंडींतून बाहेर काढण्याचा मोठा यत्न ज्या बाईंनीं केला, त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा आरंभ नाशकांतच झाला. न्यायमूर्ति रानडे जन्मानें निफाडचे. १८७८ सालीं त्यांची बदली नाशकास झाली, आणि तेथें रमाबाईंनीं घराबाहेरच्या कार्यांत पाऊल टाकलें. १९०१ सालच्या पतीच्या अखेरच्या दुखण्याचें वर्णन त्यांनीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत केलें आहे. तें वाचणारास उशाशीं बसणाऱ्याचें मन म्हणजे काय, हें निराळें सांगावें लागत नाहीं. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें, आणि तेथून बायका ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण घेण्यास जाऊं लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावण्याचें हें काम कुलीन म्हणविणाऱ्या घरांतून निंद्य मानलें जाई. तेंच काम घरांत फुकट केलें तर धर्म, आणि इस्पितळांत वेतन घेऊन केलें तर अधर्म, असा तो हिशेब होता. आज शहरांतील घरोघरीं सकाळीं जी ‘ब्यूरोची बाई’ येते, तिच्या कामास पैसे देण्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं, याचें श्रेय त्या जुन्या धीट बायकांकडे जातें. (ही बाई आपल्या घरचें आजारी माणूस कोणावर सोंपवून येते, हें विचारण्याचें मात्र सहसा कोणास सुचत नाहीं.)

परिचारिका झाली तरी ती आजाऱ्याची. घरच्या माणसाकडे कोणीं पाहावयाचें? हा प्रश्न पुढें ज्यांनीं हातीं घेतला, त्यांत धनिक थोडे व सरकार त्याहून थोडें; पुष्कळशीं तीं स्वतः शुश्रूषा करणारींच माणसें होतीं. नाशिकच्या रजनीताई लिमये शिक्षिका होत्या, आणि त्या काळीं ज्यास मतिमंद म्हणत अशा मुलाच्या आई होत्या. १९७७ सालीं त्यांनीं अशा मुलांसाठीं प्रबोधिनी विद्यामंदिर काढलें. शाळेचा इतिहास लिहितांना विद्यार्थ्यांची संख्या व मिळालेलीं बक्षिसें मोजण्याची पद्धत आहे. आमच्या मतें अशा शाळेनें दिलेली आणखी एक वस्तु मोजण्यासारखी आहे, ती म्हणजे आईचे मोकळे तास. जिला कित्येक वर्षें एकटीनें बाजारास जातां आलें नाहीं, सख्ख्या भाचीच्या लग्नास उभें राहतां आलें नाहीं, तिला त्या तासांत निदान स्वस्थ निजतां येतें. शिवाय मुलास सोडावयास आली असतां फाटकापाशीं तिला आपल्यासारखी दुसरी आई भेटते. मूल रात्रीं झोंपत नाहीं, शेजारी तक्रार करतात, सासरचे लोक दोष आपल्यालाच देतात, हें तिला तेथें पहिल्यानें मोठ्यानें बोलतां येतें, कारण ऐकणारीस तें नवें नसतें. पुढें ज्यास आधारगट म्हणूं लागले, त्याचें मूळ आम्हांस अशाच फाटकापाशीं दिसतें.

हाच धागा अन्यत्रही सांपडतो. बदलापूरचें ‘आधार’ पालकांनीं एकत्र येऊन उभें केलें. पुण्यास १९८६ सालीं अनिल व सुनंदा अवचट यांनीं मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र काढलें; तेथें दारुड्याबरोबर त्याच्या बायकोचाही विचार झाला आणि ‘सहचरी’ नांवाचा बायकांचा गट निघाला. धुळ्याचे जगन्नाथ वाणी कॅनडांत कॅलगरी येथें संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियानें त्यांस जें शिकविलें, त्यांतून १९९७ सालीं पुण्यांत स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी राहिली. २००४ सालचा ‘देवराई’ हा बोलपट याच प्रयत्नाचें फळ. त्यांत वेड लागलेल्या भावाइतकेंच लक्ष त्याला संभाळणाऱ्या बहिणीकडे दिलें आहे, हें आम्हांस विशेष वाटतें. आमच्या बोलपटांत वेडा मनुष्य एक तर हंसविण्यासाठीं येतो, नाहीं तर भिवविण्यासाठीं.

कायद्याची गोष्ट थोडी चमत्कारिक आहे. २००७ सालच्या कायद्यानें वृद्ध आईबापांस टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला. टाकणारा मुलगा कायद्यास असा तपशीलवार ठाऊक आहे. संभाळणाऱ्या मुलीचा थकवा त्यास ठाऊक नाहीं. २०१६ सालच्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यांत, ज्यांस अधिक आधार लागतो त्यांच्यासाठीं संभाळ करणाराच्या भत्त्याचा उल्लेख आला खरा, पण शासनाच्या ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत’ या अटीनें तो बांधलेला आहे; आणि कुवत किती, हें ठरविणारेंही शासनच. त्यामानानें १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें एका खऱ्या भीतीस हात घातला. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविकलांगता या चार प्रकारांतील माणसांस जिल्हा पातळीवरील समितीमार्फत कायदेशीर पालक नेमण्याची सोय त्यानें केली. ‘आमच्यामागें याचें कोण?’ हा प्रश्न ज्या घरांत रोज रात्रीं दिवा मालविल्यावर उठतो, त्या घरास या कागदाची किंमत सांगावी लागत नाहीं. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्याच्या घरास मात्र त्या चार शब्दांत जागा नाहीं.

नाशकांत १९७७ सालीं जीं मुलें सहा-सात वर्षांचीं होतीं, तीं आतां पन्नाशी ओलांडून गेलीं. त्यांच्या आया ऐंशीच्या घरांत आहेत, कांहीं निवर्तल्या. त्यांच्या हातांतलें काम आतां भावाबहिणींकडे येत आहे, म्हणजे इंदिरानगरासारख्या वस्त्यांतील त्याच दोन-तीन खोल्यांत, जेथें आंतल्या खोलींत आई आधींच पडून आहे. लहान मुलांस शाळा होती. पन्नास वर्षांच्या माणसास सकाळीं सोडून दुपारीं आणावयाचें ठिकाण फार थोडें आहे, आणि तें जेथें आहे तेथें जागेसाठीं नांव नोंदवून वाट पाहावी लागते.