तानीबाई, जुना प्रोजेक्टर आणि वजनावर विकलेला सिनेमा

गावाकडून, म्हणजे कागलहून, मला येणाऱ्या फोटोंचा प्रकार अलीकडे बदललाय. पूर्वी लग्नाचे, उरुसाचे, उसाच्या फडाचे यायचे. आता पितळी डबे, व्हॉल्व्हचे रेडिओ, चावीची घड्याळं आणि जुन्या सिनेमांच्या गाण्यांची पुस्तकं येतात. खाली एकच प्रश्न: "ऑनलाइन टाकलं तर किती येतील रं ह्याचं?" जुनी घरं पाडून स्लॅबची होताहेत, माळ्यावरच्या ट्रंका खाली येताहेत. आणि घरातला एक मुलगा कॉम्प्युटरवाला आहे म्हटल्यावर त्याला जगातल्या सगळ्या वस्तूंचे भाव ठाऊक असणारच!

भाव मला ठाऊक नाहीत. पण या प्रश्नाच्या निमित्ताने दोन-तीन वीकेंड वाचत बसलो आणि शेवटी येऊन पोचलो ते आपल्याच कोल्हापूरच्या एका खरेदीपाशी. तीच आज सांगतो.

आधी धंद्याबद्दल थोडं. जुन्या वस्तूंचा धंदा फरकावर चालतो. विकणाऱ्याला वस्तू जेवढ्याची वाटते आणि घेणाऱ्याला जेवढ्याची वाटते, त्यातलं अंतर म्हणजे मधल्या माणसाची कमाई. सरकारलाही हे मान्य आहे. जीएसटीच्या नियमांत जुन्या मालाच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला (काही अटींवर) पूर्ण किमतीवर नाही, तर खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची सोय आहे. म्हणजे विकला जातो तो फरकच, वस्तू फक्त त्याचं निमित्त!

आपल्याकडे हा फरक ओळखणारी पहिली व्यक्ती म्हणजे बोहारीण. जुने कपडे द्या, स्टीलचं पातेलं घ्या. तिची नजर कुठे असायची आठवतंय? जरीच्या काठावर. जुन्या शालूची जर खऱ्या चांदीची असायची. कापड जाळलं की धातू उरायचा. आजीचा शालू आजीला पन्नास वर्षांच्या आठवणींचा, आणि त्या साखळीच्या शेवटच्या माणसाला काही तोळे चांदीचा. यात कुणी कुणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. ज्याला जे दिसलं त्याने त्याचे पैसे दिले. हा चांदीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कोल्हापूर. ३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ तेव्हा नाटकांचे पडदे रंगवायचे. लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखत. फाळक्यांचं काम पाहून दोघांनाही सिनेमाने झपाटलं. पण सिनेमा करायचा तर कॅमेरा हवा, आणि तो परदेशातून यायचा. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि तो रस्ताही जवळजवळ बंद झाला.

त्यांनी काय केलं? मुंबईच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर आणला. त्यावर लोकांना सिनेमे दाखवले आणि दाखवता दाखवता ते यंत्र नीट समजून घेतलं.

माझ्यासारख्या इंजिनीयर माणसाला या गोष्टीतली खरी मजा इथे आहे. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग पळत नाही. एक चौकट खिडकीसमोर येते, क्षणभर थांबते, झडप उघडते, प्रकाश आरपार जातो, झडप मिटते आणि दाते पुढची चौकट ओढतात. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हायचं. कॅमेऱ्यातही अगदी हेच होतं, फक्त प्रकाश उलट्या दिशेने, बाहेरून आत येतो. ल्युमिए बंधूंच्या १८९५ च्या यंत्रात तर एकच पेटी चित्रण करायची, प्रती काढायची आणि पडद्यावर दाखवायचीसुद्धा. म्हणजे ज्याने प्रोजेक्टर आतून ओळखला त्याच्या हातात अर्धा कॅमेरा आलाच. आज याला आम्ही रिव्हर्स इंजिनीयरिंग म्हणतो आणि त्याचा पगार घेतो.

१९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अपुराच राहिला. बाबूरावांनी काम सोडलं नाही, पण पैसे? इथे कागल येतं! तानीबाई कागलकर या गायिकेने बाबूरावांच्या पाठीशी पैसा उभा केला आणि १९१७ च्या डिसेंबरात कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. राजाश्रयही मिळाला. तो देणारे शाहू महाराज जन्माने कागलच्याच घाटग्यांचे, १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले. पण पहिलं धाडस तानीबाईंचं. जो धंदा कोल्हापुरात अजून कुणी केलेला नाही, ज्यासाठी लागणारं यंत्र अजून तयार झालेलं नाही, त्यात पैसे घालणं म्हणजे काय, हे स्टार्टअपवाल्यांना विचारा.

१९१८ च्या सुमारास बाबूराव आणि त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांनी कॅमेरा पुरा केला. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमाकेसरी' म्हणून गौरवलं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. आणि याच कंपनीतून बाहेर पडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सीताराम कुलकर्णींना बरोबर घेऊन १९२९ मध्ये 'प्रभात' काढली. आता ही साखळी मागे मागे नेऊन बघा. तिच्या एका टोकाला मुंबईतला कुणीतरी जुन्या मालाचा दुकानदार बसलेला सापडेल. त्याने तो प्रोजेक्टर मोडून पितळ आणि लोखंड वेगळं केलं असतं, तर? नाही केलं. यंत्र अख्खं विकण्यात जास्त पैसे आहेत एवढं त्याला कळलं, आणि तेवढं पुरलं.

आता याच गोष्टीचं दुसरं टोक. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ते सिनेमे आज कुठे आहेत? 'सैरंध्री' नाही. 'सावकारी पाश' नाही. (१९३६ मध्ये बाबूरावांनी तो पुन्हा काढला, तो बोलपट.) १९२७ च्या 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांचे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. एकूण भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले, त्यातले तीसच्या आसपास उरले, आणि त्यातही बरेच तुकड्यांत.

गेले कुठे? काही आगीत गेले. त्या काळची नायट्रेट फिल्म भयंकर पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीतही अशी रिळं गेली. पण आगीच्याही आधी बरेच सिनेमे बाजारात गेले. कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदी असते, आणि चित्रपटगृहांत चालून झिजलेल्या रिळांना वजनावर गिऱ्हाईक होतं. १४ मार्च १९३१ चा आपला पहिला बोलपट 'आलम आरा' असाच गेला. निर्माते अर्देशीर इराणी यांच्या घरातूनच त्याची रिळं चांदीसाठी विकली गेली, असं संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर सांगत. जरीच्या शालूसारखंच झालं सगळं. जाळलं, धातू काढला, उरलेलं फेकलं.

गंमत बघा, ज्या यंत्रावर 'आलम आराच्या' प्रती निघाल्या असं सांगितलं जातं, ते शिकागोच्या बेल अँड हॉवेल कंपनीचं प्रिंटिंग यंत्र मात्र टिकलं. सिनेमावाल्यांना कपडे भाड्याने देणाऱ्या मुंबईच्या एका दुकानदाराने ते १९६२ मध्ये अडीच हजार रुपयांना घेतलं होतं आणि ते त्याच्याकडे राहिलं. सिनेमा वजनावर गेला, यंत्र जुन्या बाजारातल्या माणसाने वाचवलं.

तर जुन्या बाजाराने दोन्ही केलं आहे. वाचवलंही आणि वितळवलंही. वस्तूचं काय होणार हे एका साध्या प्रश्नावर ठरतं: साखळीतल्या एका तरी माणसाला ती वजनापेक्षा जास्त किमतीची वाटते का? भंगारवाल्याच्या गाडीपाशी तो प्रश्न एकच माणूस विचारतो, आणि त्याला संध्याकाळपर्यंत गाडी रिकामी करायची असते.

इंटरनेटने इथे खरा बदल केला. ईबे सुरू झालं १९९५ मध्ये, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, पावणेपंधरा डॉलरच्या आसपास. मोडका आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं, तो मोडके लेझर पॉइंटरच गोळा करायचा! आपल्याकडे बाझी डॉट कॉम २००० मध्ये आलं, २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतलं आणि २०१८ मध्ये ईबेचं ते भारतीय दुकान बंद झालं. पण तोवर लोकांना कळून चुकलं होतं की कागलच्या माळ्यावरच्या वस्तूचं गिऱ्हाईक कागलात असायची गरज नाही. ते बोस्टनमध्ये असेल, बार्शीत असेल. एका जोडी डोळ्यांऐवजी हजार जोड्या. वजनावर जाण्यापासून वस्तू वाचायची शक्यता तेवढ्याने वाढली.

पण ऑनलाइनचा स्वतःचा एक रोग आहे. तिथे एकेक वस्तू सुटी करून विकली की जास्त पैसे येतात. शिकागोच्या जॉन मालूफने २००७ मध्ये एका लिलावात चारशे डॉलरच्या आत निगेटिव्हचं खोकं घेतलं. नंतर त्यातलं थोडं थोडं ईबेवर विकायला लागला. ॲलन सेकुला नावाच्या अभ्यासकाने ते पाहिलं आणि त्याला कळवलं की बाबा, थांब, हे फोडू नकोस. मालूफ थांबला. तेव्हा ज्यांनी बाकीची खोकी घेतली होती त्यांच्याकडून तीही तो विकत घेत गेला. ती छायाचित्रं व्हिव्हियन मायर नावाच्या, मुलं सांभाळून पोट भरणाऱ्या बाईची होती. आज तिचं नाव विसाव्या शतकातल्या मोठ्या छायाचित्रकारांत घेतात. खोकं फुटून पन्नास घरांत गेलं असतं तर पन्नास चांगले फोटो उरले असते, ही बाई उरली नसती. (ती स्वतः २००९ च्या एप्रिलमध्ये वारली. यातलं काही तिला कळलं नाही.)

आता, "किती येतील रं?" याचं उत्तर. मला समजलं तेवढं सांगतो.

सिनेमाचं पोस्टर असेल तर आधी भिंग घ्या. एकसारख्या, शिस्तीत मांडलेल्या ठिपक्यांची नक्षी दिसली तर ती ऑफसेटची छपाई. जुन्या शिळाछापात हाताने काढलेल्या चित्राचा ओबडधोबड कण दिसतो. भावातला फरक तिथे सुरू होतो. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका. घासूनपुसून चकचकीत करू नका, पितळही नाही. जुनेपणाचेच तर पैसे आहेत!

कायदा बघा. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षं झालेली चित्रं, मूर्ती, नाणी, कारागिरीच्या वस्तू, आणि महत्त्वाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं, ही हद्द आहे. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. त्या खासगी माणसाने देशाबाहेर पाठवणं म्हणजे किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद. आणि ही हद्द दरवर्षी पुढे सरकते. बाबूरावांनी 'कल्याणचा खजिना'साठी केलेलं पोस्टर उरलेल्या भारतीय सचित्र पोस्टरांतलं सर्वांत जुनं मानतात. ते १९२४ चं, म्हणजे २०२४ मध्ये त्याची शंभरी झाली. घराचा पाया खणताना काही सापडलं, तर वेगळा कायदा, १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा असेल तर कलेक्टरला कळवायचं, फोटो काढून ऑनलाइन टाकायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवा. कुणाची, कुठल्या घरातली, साधारण कधीची, तिच्याबरोबर आणखी काय होतं. आम्ही याला मेटाडेटा म्हणतो. ट्रंक अख्खी असेल तर फोडायच्या आधी सगळ्याचा एकत्र फोटो काढा. पाच मिनिटांचं काम. विकणाऱ्याला यातून भाव मिळतो, कारण नुसता पानाचा डबा आणि अमक्या गायिकेच्या घरातला पानाचा डबा यांत गिऱ्हाईक फरक करतं. आणि विकत घेणाऱ्याला इतिहास मिळतो. पत्रं, वह्या, फोटो असतील तर विकायच्या आधी कुणा अभ्यासकाला दाखवा. कागदाला रद्दीचा भाव असतो, तो सगळ्यात कमी.

हे सगळं मी का सांगतोय? सिनेमाच्या पुस्तकांत तानीबाई कागलकरांबद्दल बहुतेक वेळा एकच ओळ असते: त्यांनी पैसे दिले. गाणं कसं होतं, पैसे का दिले, पुढे काय झालं, यातलं काही त्या ओळीत मावत नाही. असल्या गोष्टी असतात त्या ट्रंकांमध्येच, एखाद्या वहीत, एखाद्या फोटोच्या मागच्या बाजूला. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी आपल्या जिल्ह्यात किती घरांतले कागद नेले ते आपण पाहिलंय. जे उरलंय ते आता एकेक करून खाली उतरतंय, आणि त्याचा भाव कुठेतरी वजनकाट्यावर ठरतोय.

विका, जरूर विका. त्यात वाईट काही नाही. फक्त आधी चिठ्ठी लिहा.

असो. आज जरा लांबलंच.